मावशीचे तीन पालक

मावशीला सरकारी कागदावर अनाथ ठरवलं, तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या हातात कुणाच्यातरी पँटचा पाय होता.

झालं असं. जिन्याखालच्या खोलीत ती इस्त्रीचा धंदा करायची. वरच्या मजल्यावरचं जोडपं एका अपघातात गेलं, मागे तीन पोरं राहिली. नातेवाईक आले, गळा काढून रडले आणि पंखा, कपाट घेऊन गेले. पोरं तेवढी विसरले. मावशीने आपली खाट त्यांना दिली आणि स्वतः टेबलाखाली झोपायला लागली. नवरा केव्हाच पसार झालेला, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. दुप्पट कपडे घेतले. मनगट भाजलं, पाय सुजले. पण पोरं शाळेत गेली, तीही कडक इस्त्रीत.

मग तिने पोरांच्या ताब्यासाठी अर्ज केला. अर्जात दोन रकाने, सांभाळणारे आणि अनाथ. कारकुनाला जेवायला जायची घाई. त्याने विचारलं, "आईवडील आहेत?" मावशीला वाटलं, आपलेच विचारतोय. म्हणाली, "नाहीत हो." त्याने लिहून टाकलं. कागद आला तर काय, तीन पोरांनी मिळून एक मावशी दत्तक घेतलेली!

मावशी धावतच कचेरीत गेली. "साहेब, हे उलटं झालंय."

"दुरुस्ती होईल. अकरा महिने लागतात. तोवर पोरं बालगृहात. तिघं तीन ठिकाणी, एकत्र जागा नाही."

"आणि दुरुस्ती नाही केली तर?"

कारकुनाने कागद उलटासुलटा पाहिला. "तर तपासनीस येतील. पोरं तुम्हाला नीट सांभाळत असतील तर हेच कायम. नसतील तर तुम्हालाही बालगृहात नेऊ."

"मला?"

"जागा आहे. खाट जरा आखूड पडेल."

आठवड्याने तपासनीस आले. गंभीर माणूस, खांद्यावर मोजपट्टी, शर्ट असा चुरगळलेला की मावशीचे हात शिवशिवायला लागले.

"पालक कोण?"

"आम्ही," थोरली म्हणाली. अकरा वर्षांची.

"मूल कुठंय?"

तिघांनी मावशीकडे बोट दाखवलं. तपासनिसांची पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी मावशीला दाराला टेकवून उंची मोजली. "वाढ बरी आहे. जेवते?"

"आमचं झाल्यावर पातेलं पुसून खाते," धाकटी म्हणाली. पाच वर्षांची, खोटं बोलायला अजून शिकायची होती.

"झोपते कुठं?"

"टेबलाखाली," मधला म्हणाला.

थोरलीने दोघांनाही चिमटा काढला. तपासनिसांचं पेन भराभर चाललं होतं.

"शाळा?"

"चौथीत सोडली."

"का सोडू दिलीत?"

"तेव्हा आम्ही नव्हतो ना," थोरली म्हणाली.

मग त्यांची नजर इस्त्रीवर गेली. "मुलाला कामाला जुंपलंय?"

"काम नाही साहेब, खेळते ती. हातातून काढून घेतली की भोकाड पसरते."

मावशीने लगेच नाक ओढलं.

"मूल खेळताना हसतं," तपासनीस म्हणाले आणि शर्ट काढून टेबलावर टाकला. "हसली तर खेळ. नाही हसली तर काम, आणि मी हिला घेऊन जाणार. तुमचीही मग वेगवेगळी सोय करावी लागेल."

बनियनवर बसून ते बघत राहिले. मावशीने कॉलरपासून सुरुवात केली. बावीस वर्षांत इस्त्री करताना ती एकदाही हसली नव्हती. तिने तोंड फाकवलं.

"हे दात दुखल्यासारखं वाटतंय."

बाह्या झाल्या. मधल्याने जीभ काढून डोळे फिरवले. काही नाही. फक्त पाठ राहिली. मावशीचे डोळे भरून यायला लागले. तशी थोरलीची सटकली. कमरेवर हात ठेवून ती कडाडली, "किती वेळा सांगायचं गं तुला? सगळे तयार होऊन बसलेत आणि हिचं आपलं तोंड पाडलेलं! मेले मी तुझ्यापायी! जाऊ देत साहेबांना, मग बघते तुझ्याकडे!"

अगदी तोच सूर. रोज सकाळी वेण्या घालताना मावशी हेच बोलायची, याच सुरात, असाच हात ठेवून. मावशीच्या नाकातून आधी फुस्स आवाज आला. मग ती जी सुटली! टेबलाला धरून हसली, खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. पोरंही लोळायला लागली. जळका वास आला तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

शर्टाच्या पाठीवर बरोबर इस्त्रीएवढं भोक पडलेलं.

तपासनिसांनी शर्ट उचलला, भोकातून मावशीकडे पाहिलं.

"खेळच आहे," ते म्हणाले. "काम करणारं माणूस असं करत नाही."

त्यांनी कागदावर 'कायम' लिहिलं, शिक्का मारला. मग तोच शर्ट घालून निघाले.

"साहेब, थांबा, भरून देते!" मावशी मागे धावली.

थोरलीने तिचा दंड धरला. "गप. घरात चल आधी."

मावशी निमूट आत गेली.