मिरीची दाढ

बंदरावरच्या मालगोदामात मिरी पाच वर्षं कामाला होती, आणि पाच वर्षांत तिच्या नाकाला कुणी नावं ठेवली नव्हती. काळीभोर, लहानखुरी कुत्री. स्फोटकांचा वास आला की त्या खोक्यासमोर गुपचूप बसायचं आणि चेंडू मिळेपर्यंत हलायचं नाही, एवढंच तिचं काम. तिला सांभाळणारा हँडलर तिच्याहून गुपचूप. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी, म्हणून सगळे त्याला गप्पू म्हणत.

त्या वर्षी मिरी चुकायला लागली. सरावासाठी खोक्यांत वासाच्या डब्या लपवून ठेवत; त्यातली एक तिने ओलांडली, आठवड्याभराने दुसरी. रांगेत मधेच थांबून डोकं झटकायची. चेंडूवर झडप घालणारी मिरी आता तो तोंडात धरून लगेच खाली ठेवायची. गप्पूला वाटलं, वय झालं. सात वर्षं म्हणजे कुत्र्याची पन्नाशीच की. गोदामाच्या साहेबांनाही तसंच वाटलं. त्यांनी सांगितलं, शुक्रवारी चाचणी घेऊ; दहापैकी आठ डब्या सापडल्या तर ठीक, नाहीतर मिरीला निवृत्त करून दुसरं कुत्रं मागवू. साहेब माणूस वाईट नव्हता, पण तपासलेल्या मालावर सही त्यांची असायची, आणि सही करणाऱ्याचा जीव कायम टांगणीला.

डब्या लपवायचं काम गोदामातल्याच लंबूचं होतं. गुरुवारी त्याने गप्पूच्या हातात घडी घातलेला कागद सरकवला. दहाही जागा लिहिलेल्या होत्या. आपल्या मिरीसाठी एवढं तर करायलाच हवं, असं काहीतरी तो पुटपुटला. गप्पूने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कागद खिशात गेला.

शुक्रवारी साहेब यादी घेऊन दाराशी उभे राहिले. पहिल्या दोन डब्या मिरीने आपल्या आपण काढल्या. तिसरीवरून ती सरळ पुढे निघाली, आणि गप्पूचं पाऊल रेंगाळलं. त्याने काही ठरवलं नव्हतं, पायानेच ठरवलं. पट्टा ताणला तशी मिरी वळली, तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बसली. साहेबांनी यादीवर खूण केली. गप्पूने चेंडू दिला. चौथीलाही तेच झालं.

पुढच्या रांगेत त्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून तो थांबला. तिथे डबी नव्हती, काहीच नव्हतं. पण मिरी चटकन वळली, त्याच्या तोंडाकडे बघत रिकाम्या खोक्यासमोर बसली आणि शेपूट हलवत चेंडूची वाट बघू लागली.

गप्पूने चेंडू दिला नाही. समोरच्या दारात माल चढवणाऱ्या बायका खोक्यांवर बसून डबे खात होत्या. उद्या यातल्याच एखाद्या खोक्यात खरंच काही असलं, तर मिरी त्याचा वास घेणार नव्हती. ती गप्पूचे पाय बघणार होती.

तो साहेबांकडे गेला आणि कागद त्यांच्या हातात ठेवला. "चाचणी थांबवा. दोन डब्या तिने काढल्या, दोन मी."

कागद कुणी दिला, असं साहेबांनी विचारलं. मागून लंबूच पुढे आला आणि म्हणाला की मी दिला.

"मला काय शिक्षा द्यायची ती द्या," गप्पू म्हणाला. "पण आधी तिला डॉक्टरकडे नेऊ द्या. पाच वर्षांत ती कधी खोटं बोलली नाही. आज मी तिला शिकवलं."

साहेबांनी घड्याळात बघितलं, मग मिरीकडे, आणि गाडी घेऊन जा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मिरीचा ओठ वर केला आणि त्या चुकचुकल्या. वरची मोठी दाढ उभी चिरली होती, मुळाशी पू साठला होता, आणि ते मूळ नाकाच्या अगदी शेजारी. "शेजारी एवढा पू असताना हिला दुसरा वास येणार कुठून?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ही लोखंड चावते का?

गप्पूला गाडीतला पिंजरा आठवला. दोन पाळ्यांच्या मधे मिरी त्यात बसून असायची, कधी पाच तास, कधी सहा. कोपऱ्यातला एक गज चकाकत होता; घासून चकाकला असेल असं सगळे धरून चालले होते.

"कंटाळा आला की आपण नखं खातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गज खाते."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. इतकी वर्षं सोबत राहून मला तिचं म्हातारपण दिसलं, दुखणं दिसलं नाही, असं तो म्हणाला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "तुझी दाढ दुखली तेव्हा तू घर डोक्यावर घेतलं होतंस. ती बिचारी रोज कामाला गेली. आता तिच्यासाठी घे डोक्यावर."

त्याने घेतलं. दाढ काढल्यावर मिरीला दीड महिना सुट्टी होती. तेवढ्यात तो साहेबांना तीनदा जाऊन भेटला, आणि तिसऱ्यांदा त्यांना पिंजऱ्यापाशीच घेऊन आला. साहेब वाकून तो गज बघत राहिले. मग त्यांनी बाकीच्या तिन्ही कुत्र्यांचे पिंजरे उघडायला लावले. आणखी एका पिंजऱ्याचा गज तसाच झिजलेला निघाला. त्या कुत्र्याच्या दाताला नुसती चीर होती, दात वाचला. गोदामामागची अडगळीची खोली कुत्र्यांसाठी रिकामी झाली. तिला खिडकी होती, पुढे अंगण होतं. अर्धा तास काम, मग अंगणात मोकळं सोडायचं, असा नियम लागला. गप्पूला लेखी ताकीद मिळाली, लंबूकडून डब्यांचं काम गेलं. दोघांनीही कुरकुर केली नाही.

चाचणी पुन्हा झाली. या वेळी डब्या लपवायला बाहेरून एक बाई आल्या, आणि जागा त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हत्या. गप्पू एका चालीने चालत राहिला. मिरीने एकदाही त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. नाक खोक्यांना लावून ती त्यालाच ओढत होती. दहापैकी नऊ. सुटलेली दहावी साहेबांनी इमानेइतबारे सुटली म्हणूनच लिहिली, आणि मग खाली बसून मिरीची मान खाजवली.

त्यानंतर तिने आणखी दोन वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर ती गप्पूच्या घरी राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने बायकोच्या आरामखुर्चीचा ताबा घेतला. बायकोने चार दिवस कुरकुर केली आणि पाचव्या दिवशी स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली.