डावीकडचा आरसा

उजवी बाजू

उजव्या बाजूला आरसा होता. डाव्या बाजूला सोनुबाई.

कंपनीनं सगळ्यात स्वस्त गाडीला एकच आरसा दिला होता, आणि भीमाप्पांनी सगळ्यात स्वस्तच घेतली होती. निपाणीतल्या त्यांच्या गल्लीत दुसरी कुठली गाडी दारापर्यंत येतही नव्हती. ही समोरासमोरच्या पायऱ्यांमधून अंग चोरून आत यायची, आणि शेजारचा भरमू कट्ट्यावरून म्हणायचा, "आली चुन्याची डबी."

"डबीच हाय," सोनुबाई उतरता उतरता म्हणायची. "एका कप्प्यात तंबाकू, एका कप्प्यात चुना. तिसरं लागतंय कशाला?"

हायवेला तिचं काम ठरलेलं. पुढचं वाहन मागं टाकलं की भीमाप्पा नवऱ्याच्या नव्हे, ड्रायव्हरच्या आवाजात विचारायचे, "येऊ का?" ती खिडकीतून डोकं काढून मागं बघायची. "थांबा" म्हणाली की थांबायचं. "या" म्हणाली की डावीकडं यायचं. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून बेळगावला, खासबागेत लेकीकडं किती खेपा झाल्या. डाव्या बाजूला एक ओरखडा नव्हता. आरसा बसवायचा विषय एकदा निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "मग मी काय करू? झोपू?"

मागची बाजू

आधी लेकीचं नाव गेलं. उपासना समोर उभी, आणि सोनुबाई तिला आपल्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. मग बेळगावचे डॉक्टर. त्यांनी मेंदूचा फोटो बघितला आणि कमी बोलले. मग दर महिन्याला जाणं.

बसनं नेऊन बघितलं, तर ती प्रत्येक थांब्याला उतरायला उठायची. गाडीत मात्र गप बसायची. खांद्याला खांदा लागलेला असायचा, आणि "येऊ का" विचारलं की मान अजून वळायची. बाकीचं एकेक जात होतं, एवढं राहिलं होतं. भीमाप्पा रस्ता मोकळा असतानाही विचारायला लागले.

संकेश्वरच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या. त्यांनी ओलांडला.

"येऊ का?"

तिनं डोकं बाहेर काढलं, बघितलं.

"या."

ते आले.

ट्रॅक्टर अजून मागच्या दाराशीच होता.

पत्रा करकरला. गाडी उजवीकडं कशी ओढली, ते भीमाप्पांना नंतर आठवलं नाही. ट्रॅक्टरवाला उतरून आला. "काका, डोळं घरात ठिवून आलासा व्हय? ह्या डबीचं काय उरलं असतं?" मग त्यानं आत बघितलं आणि आवाज खाली आणला.

"एक ऊस दे रं बाळा," सोनुबाई म्हणाली.

त्यानं दिला. गाडीत मावेना, म्हणून निम्मा खिडकीबाहेर.

ट्रॅक्टर गेल्यावर भीमाप्पा गाडी बंद करून बसून राहिले. कडेला, उभ्या गाडीत त्यांनी विचारलं, "येऊ का?"

"या."

"थांबू का?"

"या," ती म्हणाली आणि उसाचं पान सोलत बसली.

डावी बाजू

फोनवर उपासना म्हणाली, "आप्पा, गाडी विका. एवढासा पत्रा. ट्रक नुसता घासला तरी तुम्ही दोघं राहणार नाही."

"मोठी दारात येत न्हाय गं. तुझ्या आईला गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत आणू? निम्म्यातनं मागं फिरती."

"मग आरसा तरी बसवा."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आप्पा, आईला कळणार पण नाही."

गॅरेजवाला मष्णू घरी येऊनच बसवून गेला. सोनुबाई पायरीवर बसून बघत होती.

"ह्यो कशाला?"

"असू दे. उपासनाचा हट्ट."

पुढच्या खेपेला आरशात सगळं दिसलं. ट्रक, मोटारसायकली, मागं पडत जाणारा पांढरा पट्टा. विचारायची गरज नव्हती. हायवेला लागल्यावर सवयीनं त्यांनी विचारलं, "येऊ का?"

सोनुबाईनं मान वळवली नाही. हनुवटीनं आरसा दाखवला.

"त्याला इचारा की."

भीमाप्पा हसले. ती हसली नाही. बेळगावपर्यंत हात मांडीवर, नजर समोर. डॉक्टरांकडं तशीच. उपासनाकडं जेवताना तशीच.

आणि

येताना तवंदी घाट उतरल्यावर, निपाणीच्या वळणाअलीकडं, भीमाप्पांनी गाडी कडेला घेतली. मागं कोणी नाही हे त्या आरशातच नीट बघून घेतलं. मग बसल्या जागेवरून तिच्यापुढून हात लांब केला, खिडकीतून बाहेर नेला, आणि आरसा मिटला. मोठ्या गाडीत हात पोचला नसता.

डावीकडचा सिग्नल दिला.

"येऊ का गं?"

खिडकीच्या कडेवर हात ठेवून तिनं डोकं बाहेर काढलं, पूर्वी काढायची तसं, केस वाऱ्यावर. मागच्या रिकाम्या रस्त्याकडं खूप वेळ बघितलं. भीमाप्पा थांबून राहिले. या म्हणाली असती तरी चाललं असतं, थांबा म्हणाली असती तरी.

तिनं डोकं आत घेतलं.

"कुठं?" तिनं विचारलं.

सिग्नल टकटक करत होता.

"घरी," भीमाप्पा म्हणाले.

सोनुबाईनं पदर सारखा केला आणि त्यांच्या खांद्यापासून, त्या एवढ्याशा जागेत, दाराकडं सरकून बसली. परक्याच्या गाडीत बसावं तशी.

त्यांनी परत हात लांब केला. आरसा उघडला. त्यात बघितलं, आणि वळले.