लिएन दादांचे कोरडे मोजे

"पाय कोरडे ठेवा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर चिएन सू-छिनला आधी हसू आलं. मग तिनं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"ताइनानची. का हो?"

"तरीच."

ताइनान बेटाच्या दक्षिणेला. तिथं हिवाळा कसा लख्ख कोरडा असतो. सू-छिन उत्तर टोकाच्या कीलुंग बंदराची, आणि कीलुंगात हिवाळा म्हणजे पाऊस. ईशान्येचा वारा सुरू झाला की समुद्रावरून ढग येतात, बंदरामागच्या टेकड्यांना अडकतात आणि तिथंच ठाण मांडून बसतात. त्यात सू-छिनचा धंदा पत्रं वाटण्याचा. बावीस वर्षं ती हिरव्या मोटरसायकलवरून त्या टेकड्या चढत-उतरत होती, आणि बावीस वर्षं तिचे पाय नोव्हेंबरात भिजायचे ते एकदम मार्चात सुकायचे. या वर्षी मात्र बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटून निघाली. रात्री मोजे काढताना डोळ्यांतून पाणी यायचं.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हटलं. बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

टपाल कचेरीत दुपारी सगळे फेरीवरून परत आले की मागच्या पडवीत एक सोहळा चालायचा. एकेक जण बाकावर बसायचा, बूट काढायचा, मोजे पिळायचा. मोरीत पाण्याची धार लागायची. या सोहळ्यात एकच माणूस कधी सामील होत नसे. लिएन दादा. वय चौसष्ट, येत्या नववर्षाच्या सणाआधी निवृत्त होणार, आणि कचेरीतली सगळ्यात अवघड टेकडी त्यांच्याकडे. ते निवांतपणे बूट काढायचे, आणि आत मोजे कोरडे ठणठणीत. जणू नुकतेच दोरीवरून काढले असावेत.

"दादा, सांगा ना एकदा," सू-छिन म्हणाली. "कुठले बूट घालता?"

"हेच की. तुझ्यासमोर आहेत."

समोर जे होतं त्याला बूट म्हणणं हीच मेहेरबानी होती. टाच झिजलेली, एका बाजूची शिवण उसवलेली.

"याच्यातून तर डासही आत जाईल."

"डास जाईल. पाणी लाजतं." लिएन दादांनी कोरडा पाय हलवून दाखवला. "चालण्यावर असतं गं सगळं. तू चालतेस बदकासारखी. पाण्याला वाटतं, आपलीच आहे."

पडवीत हशा पिकला. लिएन दादा काही ताकास तूर लागू देईनात. सू-छिननं मनाशी ठरवलं, या म्हाताऱ्याच्या निवृत्तीआधी आपण कोरडे पाय घेऊन या बाकावर बसायचं.

पहिला प्रयोग तिनं मासळीबाजारातल्या गमबुटांवर केला. पाय घालताच ते गुडघ्यापर्यंत आले. मासळीवाल्या बायका दिवसभर बर्फाच्या पाण्यात उभ्या असतात, त्यांना चालतात तर आपल्याला का नाही? पण मासळीवाल्या बायकांना गिअर बदलावा लागत नाही. सू-छिनला गिअर कुठं आहे तेच पायाला कळेना. एका चढावर तिनं दुसरा समजून चौथा टाकला, गाडी खोकून बंद पडली आणि उतारानं मागं मागं जात एका न्हाव्याच्या दारात थांबली.

"केस कापायचेत का?" न्हाव्यानं आतून विचारलं.

त्याच संध्याकाळी गमबूट तिनं नणंदेला देऊन टाकले.

मग एका शनिवारी ती आगगाडीनं ताइपेला गेली, खास मोटरसायकलवाल्यांच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराचं नाव श्यू. जुना शर्यतवाला, एक गुडघा ताठ. त्यानं सू-छिनला अर्धा तास प्रश्न विचारले. दिवसात किती वेळा उतरता, किती पायऱ्या चढता, गिअरचा पाय कुठला. मग आतून एक जोड आणला. काळे, नडगीपर्यंत येणारे, चामड्याच्या आत पाणी अडवणारं अस्तर, तळ घट्ट पण वाकणारा, डाव्या पायाच्या चवड्यावर गिअरसाठी जाडसर पट्टी. सू-छिननं घालून चार पावलं टाकली आणि तिला वाटलं, आजवर आपण पाय नुसते वापरत होतो, त्यांना घर असं कधी दिलंच नाही.

"जोराच्या पावसात टिकतील?"

"तुम्ही कीलुंगच्या ना?" श्यू गंभीरपणे म्हणाला. "ओढ्यात उभ्या राहा. घोट्याच्या वर पाणी असू दे. आत थेंब आला तर बूट मला परत आणून द्या."

दोन दिवस नुसता भुरभुर पाऊस होता आणि सू-छिन राणीसारखी मिरवली. पडवीत तिनं कोरडे मोजे सगळ्यांना दाखवले. लिएन दादांनी भुवई वर केली.

तिसऱ्या दिवशी खरा पाऊस आला. समोरची गल्ली दिसेना असा. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला डाव्या टाचेशी काहीतरी गार लागलं. तिसऱ्या तासाला दोन्ही बुटांत पाणी डुचमळत होतं, आणि जुन्या बुटांतून निदान ते वाहून तरी जायचं. हे बूट थेंब बाहेर सोडायला तयार नव्हते. कचेरीत येऊन तिनं बूट उलटा केला तेव्हा चहाचा पेला भरेल इतकं पाणी पडलं.

"मासे निघाले का?" लिएन दादांनी विचारलं.

सू-छिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शनिवार येऊ दे, श्यूच्या टेबलावर हे बूट आपटते की नाही बघा.

पण शनिवारच्या आधी लिएन दादांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. आठवडाभर रजा. आणि साहेबांनी त्यांची टेकडी सू-छिनकडे दिली.

ती टेकडी म्हणजे अरुंद जिने आणि एकमेकांच्या डोक्यावर बसलेली घरं. तरुण माणसं केव्हाच ताइपेला गेलेली. राहिले ते म्हातारे. पाऊस कोसळतच होता. पहिल्या वळणावरच्या घरात कुणाचं पत्र नव्हतं, म्हणून सू-छिन थांबणारच नव्हती. पण दार उघडं होतं आणि उंबऱ्यात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात पुरुषी मोज्यांचा एक जोड होता, नीट घडी केलेला.

"लिएन कुठाय?"

"ऑपरेशन आहे, आजोबा. आठवडाभर मी येणार."

आजोबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मोज्यांकडे. "मग हे कोण घालणार?"

सू-छिनला काही उमजेना. "हे त्यांचे आहेत?"

"गेल्या खेपेला ओले ठेवून गेला. मी स्टोव्हवर वाळवले." आजोबांचं नाव बो. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढलेली. "माझ्याकडे एक जोड, वरच्या कोपऱ्यावर वांग बाईंकडे एक, आणि अगदी टोकाला वेन आजींकडे दोन असतात, एक तिथंच घालायला, एक कचेरीच्या दारात. तिथवर जाईस्तो त्याचे पाय पार भिजतात ना."

सू-छिन पावसातच उभी राहून हसत सुटली. चालण्यावर असतं म्हणे सगळं.

टोकाच्या घरी वेन आजींचं एक नोंदणीचं टपाल होतं, त्यामुळे सहीऐवजी त्यांच्या नावाचा शिक्का घ्यायला थांबावंच लागलं. आजी ब्याऐंशी वर्षांच्या, काटकुळ्या, आवाज मात्र बंदरावर ओरडायची सवय असल्यासारखा. सू-छिन उंबऱ्याशी आली तेव्हा तिच्या बुटांतून पचपच आवाज येत होता.

"काढ ते," आजी म्हणाल्या.

"आजी, मला अजून खाली दोन गल्ल्या—"

"काढ म्हणते ना."

सू-छिननं बूट काढले. आजींनी पाणी मोरीत ओतलं, बुटात हात घालून अस्तर चाचपलं, शिवण नखानं दाबून बघितली. मग नळ सोडून बूट काठोकाठ भरला आणि तो मोरीवरच्या खिळ्याला टांगला.

"चहा घे तोवर."

आल्याचा चहा प्यायला दहा मिनिटं लागली. बूट तसाच टांगलेला. तळाला ना घोट्याला, एक थेंब बाहेर आला नव्हता.

"बघितलंस? जे पाणी बाहेर येत नाही, ते आत जाईल कुठून?" आजी म्हणाल्या. "पोरी, बूट गळत नाही. तू गळतेस."

"मी?"

"ऊठ. वळ. बस त्या स्टुलावर, गाडीवर बसतेस तशी."

सू-छिन रेनकोट आणि पावसाळी विजारीसकट बसली. आजींनी नेम धरून तिच्या मांडीवर भांडंभर पाणी ओतलं. विजारीच्या सुरकुत्यांत त्याचं तळं झालं, आणि बघता बघता ते तळं आटलं.

"गेलं कुठं?" सू-छिननं विचारलं, आणि त्याच क्षणी तिला ते कुठं गेलं ते समजलं. मांडीच्या आतल्या बाजूनं एक गार ओघळ खाली चालला होता. गुडघ्यामागून पोटरीवर, पोटरीवरून मोज्यात. हा गारवा तिला रोज जाणवायचा. आठ वर्षांची जुनी पावसाळी विजार. तिला आपलं वाटायचं, चढ चढून घाम येतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं तिचं झालं होतं.

आजींनी विजार उलटी करून उजेडात धरली. दोन पाय जिथं जुळतात तिथल्या शिवणीवरची पट्टी गळून पडली होती आणि टाक्यांच्या भोकांतून आकाश दिसत होतं.

"चाळणी आहे ही," आजी म्हणाल्या. "तीस वर्षं मी बोटीवाल्यांचे रेनकोट शिवलेत. माणूस नेहमी बुटाला शिव्या देतो. पाणी पायाशी सापडतं ना, म्हणून. ते शिरतं कुठून ते कोण बघतो?"

पलंगाखालून त्यांनी कापडाचा तुकडा काढला, रबरी डिंकाची बाटली काढली, पायानं चालवायचं जुनं शिवणयंत्र ओढलं. मांडीखाली त्यांनी दुहेरी तुकडा बसवला, तोही असा की शिवण मधोमध न येता बाजूला जाईल. विजारीचे पाय वीतभर लांब केले आणि तळाशी बुटाखालून अडकवायला पट्टी लावली, म्हणजे वाऱ्यानं विजार वर सरकायला नको. बूट तोवर पुसून स्टोव्हपाशी वाळत ठेवले होते.

खाली दोन गल्ल्यांना त्या दिवशी टपाल तासभर उशिरा मिळालं. पण सू-छिन कचेरीत परतली तेव्हा तिनं वेन आजींकडून घेतलेले लिएन दादांचे मोजे पायात कोरडे होते. घोट्यापाशी बोटभर ओल सोडली तर. ती म्हणे घाईत डिंक नीट सुकला नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी तीही नव्हती. आठवड्यात बोटांची कातडी भरून आली.

शनिवारी ती ताइपेला गेली नाही. श्यूला तिनं फोन केला.

"बूट छान आहेत," ती म्हणाली.

"ओढ्यात उभ्या राहिलात?"

"ओढाच माझ्यात उभा होता," सू-छिन म्हणाली. श्यूला काही कळलं नाही, पण तो खूश झाला.

लिएन दादा एका डोळ्यावर पट्टी बांधून कामावर आले. सू-छिन त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं आवाज खाली आणला.

"दादा, वेन आजींनी माझी विजार शिवली. म्हणाल्या, तुम्हालाही दोनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वेळ नाही."

"नव्हता वेळ."

"रोज चारदा मोजे बदलायला होता."

लिएन दादांनी बुटाची उसवलेली शिवण अंगठ्यानं दाबली. "पूर्वी त्या टेकडीवर प्रत्येक घरी आठवड्याला पत्र यायचं," ते म्हणाले. "पोराचं, सुनेचं, जहाजावरून. आता कुणाला काय येतं? विजेचं बिल, दोन महिन्यांनी. बो म्हाताऱ्याचं तर तेही पोरगा परस्पर भरतो. पाय कोरडे राहिले तर मी त्याचं दार कोणत्या तोंडानं ठोठावू? आत जाऊन म्हणू काय, जिवंत आहेस का बघायला आलो? शिव्या घालेल तो मला."

"घालतीलच."

"ओल्या पायाच्या माणसाला कुणी शिव्या घालत नाही. उलट त्यालाच वाटतं, आपण याच्यावर उपकार करतोय." त्यांनी पट्टीखाली बोट घालून खाजवलं. "पडवीत सांगू नकोस हां हे."

तिनं सांगितलं नाही. नववर्षाच्या आधी लिएन दादा निवृत्त झाले. कचेरीनं त्यांना केक आणला, साहेबांनी भाषण केलं, आणि टेकडी कुणाला द्यायची हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. सू-छिननं हात वर केला.

तिच्या पहिल्या दिवशी पाऊस होताच. पहिल्या वळणावर बो आजोबा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्यासाठी पत्र नव्हतं. त्यांच्या हातात नवे कोरे मोजे होते, बायकांच्या मापाचे, पिवळे, त्यावर बदकं.

सू-छिननं गाडी लावली. काहीतरी थाप मारावी असं तिच्या मनात येऊन गेलं, पण म्हाताऱ्यानं उभं आयुष्य जहाजावर काढलेलं. ओलं काय आणि कोरडं काय हे त्याला कोण शिकवणार?

"आजोबा, माझे पाय कोरडे आहेत," ती म्हणाली. "बूट चांगले आहेत. पण मोजे फार आवडले मला."

आजोबांनी तिच्या पायांकडे संशयानं बघितलं. "या पावसात? काहीतरीच. दाखव."

तिनं आत येऊन बूट काढला. आजोबांनी तो हातात घेऊन आत नाक खुपसलं, तळ वाकवला, अस्तरावर अंगठा फिरवला. "आम्हाला असले मिळाले असते तर," ते पुटपुटले. मग त्यांनी खिडकी उघडून वरच्या कोपऱ्याला हाक मारली. वांग बाई छत्री घेऊन खाली आल्या. हाक टोकापर्यंत पोचली असावी, कारण थोड्या वेळानं वेन आजीही काठी टेकत, पायऱ्यांना शिव्या देत उतरल्या, आणि बुटाचं कौतुक ऐकून चिडल्या.

"बुटाचं काय कौतुक? विजार बघा, विजार. ती मी शिवलीय."

त्यांनी सू-छिनला स्टुलावर बसवलं, भांडं भरून घेतलं आणि म्हणाल्या, "हलू नकोस हां पोरी, यांना दाखवते." सू-छिन बदकांचे मोजे घालून बसली होती, एका हातात बो आजोबांचा कडक चहा, आणि खांद्यावरच्या थैलीत अजून निम्म्या टेकडीचं टपाल. तिनं थैली तेवढी बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "ओता."