दिल्लीहून बिलोलीला

माझ्या डाव्या दारावर एक लांब ओरखडा आहे, मागच्या सीटची शिवण उसवली आहे आणि हॉर्न घोगरा वाजतो. यावरून तुम्ही ओळखलंच असेल, मित्रांनो, की मी एक जुनी, छोटी गाडी आहे. रंग पांढरा. आज माझा मुक्काम नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत, एका पत्र्याच्या शेडखाली असतो.

दिल्लीजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, पत्रा आला, पत्र्याला वाक दिला, ठिणग्या उडाल्या, रंगात बुडवून काढलं. पुढे-मागे माझ्याचसारख्या बहिणी रांगेत होत्या. कुणी कुणाशी बोललं नाही.

दिल्लीत मला बँकेतल्या एका बाईंनी घेतलं. त्या मला रोज पुसायच्या, आरशाला मोगऱ्याचा गजरा अडकवायच्या. शेजारचे म्हणायचे, काय छान ठेवलीय गाडी! मग त्यांच्याकडे मोठी गाडी आली आणि माझ्यावर कापडी झाकण पडलं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. बॅटरी उतरली, टायर बसले. सुरुवातीला पावलं वाजली की वाटायचं, माझ्याकडेच येतायत. नंतर वाटेनासं झालं. पुढे एक दलाल मला ओढून जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन गेला. वय झालेल्या गाड्या तिथून दूरदूरच्या राज्यांत जातात. कुठं जायचं हे गाडीला कोण विचारतं?

तिथं एके सकाळी बाप-लेक आले. लेकीचं नाव लुंबिनी. ती बिलोलीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. बाप आनंदराज, त्याला ती अण्णा म्हणायची. त्यानं एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली होती, बिलोलीहून नांदेड, लोहा, अहमदपूर करत लातूरपर्यंत. बायको चांगुणा वारली त्या दिवसापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दोन वर्षं झाली होती. नोकरीही त्यानं निवृत्तीच्या आठ महिने आधीच सोडली. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, एवढंच. लुंबिनीनं दिल्लीची गाडी मुद्दाम निवडली होती. सोळाशे किलोमीटर लांबचा रस्ता समोर आला, तर अण्णा कधीतरी म्हणतील, सरक, मी घेतो. तिला गाडीपेक्षा ते वाक्य हवं होतं. हे सगळं मला पुढे रस्त्यात कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

आनंदराजनं माझ्याभोवती फेरी मारली. टायरला लाथ मारून पाहिली. बॉनेटवर तळवा ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला.

"ठीक हाय," तो म्हणाला. "चौथा गियर जरा कुरकुर करतोय. पण धावती."

"अंकलजी, बैठिए, चला के देखिए," दलाल म्हणाला.

"ये चलायेंगी. हम बाजू बैठेंगे," असं म्हणून आनंदराज डाव्या बाजूला जाऊन बसला. हात मांडीवर. लुंबिनी माझ्या उजव्या दाराशी आली. नांदेडच्या क्लासात ती महिनाभर शिकली होती, तेवढंच.

निघताना त्यानं माझ्या दारावर बोटांनी दोनदा ठोकलं, टकटक. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की ड्रायव्हर गाडी सोडतो, तशी त्याची जुनी सवय.

"आता तिकीट बी फाडा की, अण्णा," लुंबिनी म्हणाली.

"तुझ्या हातात गाडी हाय तवर फुकटच बशीन. जीव मुठीत धरून बसायचं आन वर तिकीट कोन काढतंय?"

ती हसली. त्यानं समोर पाहिलं.

मित्रांनो, त्या प्रवासातली एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. समोर ट्रक आला, गाय आडवी आली, की डावीकडे बसलेल्या आनंदराजचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. तरी तो दाबायचा आणि धोका गेला की हळूच सोडायचा. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सगळ्या वाटेनं दाबत आला. चेहऱ्यावर काही नसायचं. पाय तेवढा जागा होता.

पहिला मुक्काम ग्वाल्हेरला पडला. सकाळी लुंबिनी चावी पुढे करून म्हणाली, "थोडं तुम्ही घ्या ना. माझे खांदे भरून आलेत."

"लायसन घरी ऱ्हायलं."

लायसन त्याच्या वरच्या खिशात होतं. कापडातून त्याची कड दिसत होती. लुंबिनीला ती दिसली. तिनं चावी फिरवली.

झाशीच्या पुढे एका अरुंद वळणावर तो तिला सांगू लागला, "भायेर घे. आजून भायेर. आरं, शेपूट येऊ दी की मागून!"

"अण्णा, हिला शेपूटच न्हाई!"

तोवर माझं डावं दार बाभळीला घासून गेलं होतं. एकतीस वर्षं बसची लांबी पाठीशी बाळगलेला माणूस, त्याला माझ्या मागेही दहा-बारा बाकडी दिसत होती. तो खाली उतरला, ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"माझी चूक हाय," एवढंच म्हणाला.

सागरच्या अलीकडे दुपारच्या सुस्तीत लुंबिनी झोप उडवायला गुणगुणू लागली. आईच्या तोंडची ओवी होती:

*दिस कलला कलला, फाट्यावर उभी ऱ्हाऊ,*
*गाडीवाल्याच्या घरची, किती वाट बाई पाहू.*

"पुढचं काय होतं, अण्णा?"

"मला काय ठाऊक? म्या घरी असायचो कुठं."

दुसरा मुक्काम सागरला, तिसरा नागपूरला. चौथ्या दिवशी यवतमाळ मागे टाकलं. दोन्ही बाजूंनी साग, मधे कापसाची शेतं. लुंबिनीचा मोबाइल माझ्या पुढच्या खणात पडला होता. तो वाजला. तिनं उचलला नाही. गाडी हातात असताना फोन घ्यायचा नाही, हे बापानंच शिकवलेलं. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा.

"उचला की, अण्णा. बघा कोन हाय."

आनंदराज फोनकडे बघत राहिला. हात मांडीवरून हलले नाहीत. फोन खणात थरथरत होता, खणाबरोबर माझा सगळा पुढचा पत्रा थरथरत होता. चौथ्यांदा. पाचव्यांदा. मी कितीतरी माणसं वाहिली आहेत, पण बसल्या जागी इतका जड झालेला माणूस पाहिला नव्हता.

लुंबिनीनं मला कडेला घेतलं. इंजिन बंद केलं. फोन उचलला.

"हां, धुरपतामावशी."

"किती येळ झाला गं लावून राहिले!" फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. शेजारच्या धुरपताबाई. "कुठवर आलाव? भाकरी आता टाकू का मागून टाकू, तेवढंच इचारायचं होतं."

"मागून टाका, मावशी. उमरखेड यायचंय अजून."

फोन तिनं खणात ठेवला. मग समोरच्या काचेकडे बघतच बोलली.

"आई गेली त्या दिवशी म्या तुम्हाला सात बार लावला होता."

"ठाव हाय. मोजलेत म्या." त्याचा आवाज सपाट होता. "आवाज बंद ठिवलेला. पर खिशात थरथरायचा, छातीवर. पयला लोह्याच्या पुढं. गाडीत पंचावन्न मानसं. म्हनलं, लातूर आलं की बघू."

"अण्णा…"

"सात बार थरथरला, लुंबे. एक बार बी मला वाटलं न्हाई की थांबावं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"आई नको म्हनत होती," ती म्हणाली. "छातीत कळ होती, घाम सुटला होता, तरी माझा हात धरून म्हनली, त्येंला फोन नको लावूस, त्ये गाडीवर हायत. म्या तिचं ऐकलं न्हाई. बाहेर अंगणात जाऊन लावत ऱ्हायले. वाहन शोधायचं सोडून लावत ऱ्हायले. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. म्या नर्स हाय, अण्णा. मला कळत होतं किती येळ हाय ते."

आनंदराजनं मान फिरवली. दोन वर्षांत त्यानं लेकीकडे असं पाहिलं नसावं.

"नको लावूस म्हनली?"

"हाव."

"त्ये गाडीवर हायत, आसं म्हनली?"

"हाव."

तो रडला नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल आता तो रडला असेल. नाही. तो दार उघडून उतरला, माझ्यापुढून फिरून उजव्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला.

"सरक."

लुंबिनी सरकली. त्यानं सीट मागे घेतली, आरसा हलवला, स्टिअरिंगवर हात ठेवले. हात थंड होते. चौथा गियर त्याच्या हाताखाली कुरकुरला नाही. उमरखेड, नांदेड, नायगाव, नरसी. लुंबिनी खिडकीला डोकं टेकवून झोपली. इतकी गाढ, की नांदेडच्या गर्दीतही जागी झाली नाही.

बिलोलीत शिरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. धुरपताबाई पाण्याचा तांब्या आणि चार लिंबं घेऊन उभ्या.

"चाकाखाली ठिवते, भाऊजी. नवी गाडी हाय."

"नवी कुठं, म्हातारी हाय ती. आन लिंबं चाकाखाली कशाला, धुरपताबाई? पान्यात पिळा. पोरगी चार दिस उन्हात बसली." मग आत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली, बाप-लेकीनं वंदना म्हटली आणि अंगणात सगळे सरबत प्याले. माझ्या बॉनेटवर कुणीतरी झेंडूचं एक फूल ठेवलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. आनंदराज फार बोलका झाला असं नाही. पूर्वीसारखाच जेवतो, पूर्वीसारखाच झोपतो. लुंबिनी मला रोज उपकेंद्राला नेते आणि संध्याकाळी दमलेली येऊन सरळ शेडमध्ये घालते, नाक भिंतीकडे. मग आनंदराज बाहेर येतो. चावी घेतो, मला मागे काढतो, वळवतो आणि उलटी आत घालतो. अंगण लहान आहे, दोनदा पुढे-मागे करावं लागतं. मग माझं नाक रस्त्याकडे होतं.

गेल्या श्रावणात शेजारच्या व्यंकटीला सोयाबीनच्या रानात साप चावला. त्याची बायको सकाळी ओरडत अंगणात आली, तेव्हा मला वळवावं लागलं नाही. त्याला घेऊन मी थेट नांदेड गाठलं. व्यंकटी वाचला. त्याच्या आधी एका म्हाताऱ्या आजीला नेलं होतं, त्या वाचल्या नाहीत. आनंदराज दोन्ही वेळा घरी आला, हात धुतले आणि मला पुन्हा वळवून ठेवलं.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी मी रागावणार नाही. ओरखड्यावर रंग लावला नाही तरी चालेल. तेल वेळेवर बदला, चाकांत हवा ठेवा, हे तर प्रत्येक जुनी गाडी तुम्हाला सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. संध्याकाळी घरी आलात, कितीही दमलेले असलात, तरी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा. त्याला अर्धं मिनिट लागतं. संध्याकाळी ते अर्धं मिनिट तुमच्याजवळ असतं.