सात वर्षांनी लग्न सुटतं

लेवी तुरुंगात मेला त्याला चार महिने होत आले, तरी तो कसा मेला हे त्याच्या आईला कुणी धड सांगितलं नव्हतं. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून शेजारच्या काउंटीच्या पोलिसांनी शुक्रवारी त्याला आत टाकलं आणि सोमवारी त्याचं प्रेत ताब्यात दिलं. कोठडीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलेलं होतं. ओना स्लोन ते बघायला गेली, तर तुरुंगातल्या माणसाने काचेमागून सांगितलं की मयताच्या कायदेशीर प्रतिनिधीलाच ते दाखवता येतं.

"मी आई आहे त्याची," ओना म्हणाली.

"नुसती आई चालत नाही. कोर्टाचा कागद आणा."

म्हणून ती आपल्या काउंटीच्या कोर्टात आली. स्लोन मंडळी कोर्टात जायची ती कुणाला तरी सोडवून आणायला, त्यामुळे या कामाला कुठल्या दारातून आत शिरायचं हेही तिला विचारावं लागलं. मयतांच्या मिळकतीची प्रकरणं तळमजल्यावर ग्लेना स्टिडमकडे होती, हे मात्र बरं झालं. दोघी एकाच चर्चमध्ये गायच्या. ग्लेना वरच्या पट्टीत गाते म्हणजे नुसती बोंबलते, हे ओनाचं मत जुनं होतं आणि ते ग्लेनाला ठाऊक होतं.

"ये, बस. आज केसांना फणी लावायला सवड नाही मिळाली वाटतं," ग्लेना म्हणाली.

"तुला भेटायचं तर कशाला लागतेय फणी?"

ग्लेना हसली. मग ओनाने लेवीचं काम सांगितलं. कागद पुढे ओढत तिने समजावून सांगितलं. लेवीच्या नावाने मिळकतीचं प्रकरण उघडायचं, न्यायाधीश ओनाला त्याची कारभारीण नेमतील, मग तुरुंगवाल्यांना तिला दार उघडावंच लागेल.

"मिळकत कसली डोंबलाची?" ओना म्हणाली. "एक ट्रक, तोही विटांवर उभा. बरे बूट होते, ते पायात घालूनच पुरला त्याला."

"तो कशाने मेला हे विचारायचा हक्क आहे ना, तीच मिळकत समज. बरं, लग्न झालेलं?"

"झालेलं. सुटलं."

"घटस्फोट कुठल्या कोर्टातून घेतला?"

"कोर्ट कशाला मध्ये? नऊ वर्षं वेगळी राहत होती. सात झाली की आपोआप सुटतं."

ग्लेनाने पेन खाली ठेवलं.

त्या डोंगराळ मुलखात हे पोराटोरालाही माहीत होतं. सात वर्षं नवरा-बायको एका छपराखाली राहिली नाहीत की लग्न आपलं आपण गळून पडतं. ओनाच्या मावशीचं असंच सुटलं होतं, तिने दुसरं लग्न चर्चमध्ये केलं, केक कापला, पाद्रीबुवाही जेवून गेले. लेवीची बायको टॅबिथा घर सोडून गेली तेव्हा लेवी घटस्फोट घ्यायचा म्हणत होता. ओनानेच त्याला अडवलं होतं. वकिलाची धन कशाला करतोस, म्हणाली होती, थोडा दम धर, फुकटात मोकळा होशील.

"ओना," ग्लेना हळू आवाजात म्हणाली, "असा कायदा नाहीये गं. कधीच नव्हता."

"काहीतरी बोलू नकोस. माझी मावशी..."

"माझ्या आत्यानेही तेच केलं. दोन नवऱ्यांची एक बायको म्हणून मेली बिचारी. कायद्याने टॅबिथा अजून लेवीची बायको आहे. पहिला हक्क तिचा. तिने सोडला तर तुझा."

"सोडेल. तिला काय पडलंय त्याचं?"

"थांब, आधी बघू दे." ग्लेनाने आपल्या नोंदींत लेवीचं नाव शोधलं. नव्हतं. टॅबिथा शेजारच्या काउंटीत राहते म्हटल्यावर तिने तिथल्या कोर्टात फोन लावला. ओनाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. हो, स्लोन. लेवी. कधी? बरं. आणि बंदही झालं? ग्लेनाचा चेहरा उतरत गेला.

फोन ठेवून ग्लेना टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ येऊन बसली.

"त्याला पुरल्यावर महिन्याच्या आतच तिथे प्रकरण उघडलंय. टॅबिथाने. तुरुंगाच्या वकिलांनी तिला हुडकून काढलं असणार. पैशांवर तडजोड झाली, सही झाली, प्रकरण मिटलं."

"मग पुन्हा उघड."

"कशावर उघडू? जिचा हक्क होता तिने सही केलीय. आता कुणी वकीलही हात लावायचा नाही."

"आणि त्या कॅमेऱ्यातलं?"

"ते तिलाच विचार," ग्लेना म्हणाली.

ओना तशीच निघाली. वाटेत नदीकाठच्या वळणांवर तिने टॅबिथाला इतक्या शिव्या घातल्या की घसा बसला. बया नऊ वर्षांत एकदा फिरकली नाही, आणि तो मेल्यावर बरी बायको झाली. पण रागाच्या खाली एक आशाही होती, आणि तिची ओनाला लाजच वाटली. टॅबिथाने ते पाहिलं असणार. म्हणजे जगात निदान एका माणसाला ठाऊक होतं.

टॅबिथा टेकडीखालच्या पत्र्याच्या घरात राहत होती. वृद्धाश्रमातल्या कामावरून ती नुकतीच आली होती, अंगावर अजून तिथलाच निळा गणवेश होता. ओनाला दारात बघून ती दोन पावलं मागे सरकली.

"आत या, मिस ओना." तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणायची रीत होती, सासू असली तरी.

ओना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. टॅबिथाने कॉफी विचारली, ओना नको म्हणाली.

"भांडायला नाही आले," ओना म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "सही केलीस, बोलायची बंदी असेल, तेही कळतं. सगळं नको सांगूस. एवढंच सांग, फार वेळ लागला का त्याला? त्याने कुणाला हाक मारली का?"

टॅबिथा ओट्याला टेकून उभी राहिली. "मला माहीत नाही."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"मी पाहिलंच नाही, मिस ओना." ती भराभर बोलायला लागली. "दोघं वकील आले होते. मी म्हटलं, मी आता त्याची कुणी नाही, सात वर्षं कधीच होऊन गेली. ते हसले. म्हणाले, तूच बायको. त्यांनी कंप्युटर इथे, या टेबलावर ठेवला. विचारलं, बघायचंय का. मी म्हटलं नको. माझ्या आठवणीतला लेवी दारात उभा राहून हसतोय, दात किडका तसाच. तोच राहू दे म्हटलं. त्यांनी लगेच झाकण मिटलं. त्यांना तर बरंच झालं."

"आता कुठेय ते?"

"सही झाल्यावर पुसून टाकायचं ठरलं होतं. पुसलं. तसं पत्र आलंय."

ओना टेबलाकडे बघत राहिली. वरच्या प्लास्टिकवर पिवळी सूर्यफुलं होती.

"मला एक फोन करायचा होतास."

"तुम्ही उचलला असतात?"

नसता उचलला. ओनाला हे माहीत होतं, टॅबिथालाही माहीत होतं.

"मी पाहिलं असतं," ओना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही डोळे मिटले नसते. मरताना त्याच्यापाशी कुणी नव्हतं ना, मग मागाहून तरी कुणीतरी असायला हवं होतं."

टॅबिथाने तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. ओनाला तिची दया आली नाही, आणि उठून जायचं बळही तिच्यात नव्हतं.