केबिनातला छोटा स्पीकर

ओळखलं नाहीत ना? बरोबर आहे, थेटरात मला कुणी पाहिलेलंच नाही. मी बोलतोय रोह्याच्या थेटरातल्या केबिनातला छोटा स्पीकर. पडद्यामागचा थोरला तुमच्यासाठी गरजायचा, मी फक्त हिरामणसाठी. खाली आवाज कसा जातोय ते आपरेटरला कळवणं, एवढंच माझं काम.

आणि काय आपरेटर हो! बाकीचे आवाज एकदा लावतात नि विडी ओढायला जातात. हा बटणावरचं बोट काढील तर शपथ. रडण्याचा प्रसंग जवळ आला, की आवाज हळूहळू उतरवायचा. लोक श्वास रोखून पुढे वाकायचे. मग आईचा हुंदका तेवढा मोकळा सोडायचा. धाटावच्या कारखान्यांतली शिफ्ट करून आलेले बाप्येसुद्धा डोळे पुसायचे. सिनेमा सगळीकडे तोच, पण पेणची माणसं तो बघायला रोह्याला यायची. हिरामणची श्रीमंती म्हणजे ती आसवं.

बावीस वर्षं मशीनची घरघर कानाशी. हळूहळू त्याला मी ऐकू येईनासा झालो. आधी त्याने मला जवळ ओढलं, मग माझ्या जाळीला कान लावू लागला. मी जीव तोडून ओरडायचो. हे काम गेलं तर हा माणूस खचेल, याची मला धास्ती.

एका दुपारच्या खेळाला पडद्यावर आजारी पोराने आईच्या मांडीवर डोळे मिटले. आई त्याच्या कानाशी पुटपुटू लागली. हिरामणला वाटलं, आवाजच गेला. त्याने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. ती पुटपुट थेटरभर अशी गडगडली, की लोक पोट धरून हसले.

त्याची बायको सीताबाई खाली बायकांत बसली होती. ती धावत जिना चढून आली. हा खिडकीतून बघत होता. अंधारात सगळ्यांचे पाठमोरे खांदे गदगदत होते.

"बघ गो," तो म्हणाला, "आज किती रडवलं."

सीताबाईने डोळ्यांना पदर लावला. मग त्याच्या समोर येऊन, त्याला ओठ दिसतील असं म्हणाली, "व्हय. सगळं थेटर रडतंय." आणि हळूच तिनेच बटण मागे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने थेटरच्या शेठना खरं ते सांगितलं. नवऱ्याला मात्र म्हणाली, तुमच्या गुडघ्यांना आता जिना नको. निघताना हिरामणने माझी वायर सोडवली नि मला काखोटीला मारलं.

आता मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात, त्यांच्या घरात फळीवर आहे, मुका. येईल त्याला हिरामण त्या शेवटच्या खेळाचं सांगतो, सगळं थेटर कसं रडलं ते. सीताबाई मान हलवते. तुम्ही कधी आलात, आणि त्या दुपारी हसणाऱ्यांत तुम्हीही असलात, तर माझ्यासाठी एवढं करा. व्हय म्हणा.