इतवारिनच्या डब्यातली लाल राणी

मित्रांनो, मी एक म्हातारी लाल राणी आहे. तुमच्याकडे मला मृगाचा किडा म्हणतात. पण वाकून नीट पाहिलंत, तर माझे आठ पाय दिसतील. मी कोळ्याच्या नात्यातली. अंगावर दाट मखमल, आकार गुंजेएवढा. लहानपणी एका टोळाला चिकटून वाढले, मोठेपणी वाळवीवर जगले. वर्षभर मातीत राहायचं आणि पावसानंतर थोडे दिवस वर फिरायचं, एवढाच माझा संसार.

मी राहते ते शेत कांकेरकडच्या रैनू गोंडाचं. त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्हाला चिरडून काढलेलं तेल चोळलं की लुळं अंग उठतं, असं तिथे सगळे मानतात. म्हणून त्याची बायको इतवारिन डबा घेऊन शेतात आली. तिची बोटं लागताच मी पाय पोटाशी घेतले. डब्यात आम्हा बहिणींचे थरावर थर चढत गेले. खालच्या हलेनाशा झाल्या.

रैनूची बहीण सुकारो बांधावर बसून आम्हाला न्याहाळत होती.

इतवारिन म्हणाली, "भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि तू किडे बघत बसलीस?"

"वहिनी, मागच्या वर्षीही हेच तेल चोळलंस. हात हलला का?"

इतवारिनने डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मग मी काय करू? त्याच्याकडे नुसती बघत बसू?"

सुकारोने तिचा हात धरला. "दवाखान्यात व्यायाम शिकवतात म्हणे. बसपर्यंत मी त्याला पाठीवर नेते. तू फक्त चल."

इतवारिनने डबा उचलून तिरका केला. मी मातीवर पडले. पण निम्म्या राण्या ओतल्यावर तिचा हात थांबला. तिने झाकण लावलं आणि उरलेल्या घरी नेल्या. मला तिचा राग आला नाही. भीती मात्र अजून गेलेली नाही.

दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. रैनू आता काठी टेकत बांधापर्यंत येतो. हात अजून लोंबतोच.

यंदा मी वर आले आणि दिवसभर चालले. माझ्यासारखी एकही भेटली नाही.

मित्रांनो, आमच्यातली एखादी दिसली तर गुडघे टेकून बघा. पाय मोजा, चाल बघा. फक्त उचलू नका. कदाचित त्या शेतात ती एकटीच उरलेली असेल.